खेळात झेरॉक्सचे पैसे धरलेले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत गेल्या पंधरवड्यात 'विद्यार्थ्यांनी तासाभरात अनुभवली गरिबी' या मथळ्याची सचित्र बातमी प्रसिद्ध झाली. आमच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या भूमिका-खेळाची ती बातमी होती. तिच्यासोबतच्या छायाचित्रात टेबलामागे चश्मा कपाळावर चढवून, समोरच्या मुलाकडे न पाहता कागद चाळत बसलेला जो गृहस्थ दिसतो, तो मी. पुरवठा शाखेत आधी कारकून आणि मग पुरवठा निरीक्षक म्हणून माझी ३१ वर्षे गेली, त्यामुळे रेशनच्या खिडकीमागे कोणाला बसवावे असा प्रश्न आयोजकांना पडला तेव्हा त्यांनी मला बोलावले, आणि मला फारसा अभिनय करावा लागला नाही. बातमीत तपशिलाची चूक काही नाही. मथळ्यातील 'अनुभवली' या एका क्रियापदाविषयी मात्र लिहिणे मला भाग आहे. माझ्या मते अशा खेळातून गरिबी अनुभवता येत नाही आणि तसा दावा करूही नये. त्यातून शिकवता येतात ते नियम, आणि खेळ संपल्यावर नेमके तेच शिकवायचे राहून जाते.

हा खेळ काय असतो ते बातमीत दोन ओळींत आटोपले होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सामुदायिक सहभागाच्या उपक्रमांना श्रेयांक मिळू लागल्यापासून महाविद्यालये अशा उपक्रमांच्या शोधात असतात. हा खेळ मूळचा अमेरिकेतला, मिसुरी राज्यातील सामाजिक संस्थांच्या संघटनेने तयार संच म्हणून प्रसृत केलेला. सभागृहात खुर्च्यांचे घोळके मांडतात. एकेक घोळका म्हणजे एकेक कुटुंब, अशी जास्तीत जास्त २६ कुटुंबे. भिंतीलगत बँक, मालक, शाळा, गहाणवटदार, मदत कार्यालय, पोलीस अशी टेबले असतात. पंधरा मिनिटांचा एक आठवडा आणि अशा चार आठवड्यांचा एक महिना. कोणत्याही टेबलाकडे जाताना प्रवासाची एक चिठ्ठी द्यावी लागते, आणि चिठ्ठ्या संपल्या की माणूस जागच्या जागी अडकतो. एवढ्या तासाभरात घरभाडे भरायचे, मुलांना शाळेत पाठवायचे, काम टिकवायचे आणि पोटही भरायचे.

आमच्याकडच्या प्राध्यापिकाबाईंनी हा संच जसाच्या तसा उचलला नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. प्रवासाच्या चिठ्ठ्यांची एसटीची तिकिटे झाली, गहाणवटदाराचा सावकार झाला, आणि मदत कार्यालयाच्या जागी तलाठी, सेतू, रोजगार हमी आणि रेशन अशी चार टेबले आली. प्रत्येक कुटुंबाला त्याची परिस्थिती सांगणारी चिठ्ठी दिलेली होती: एका कुटुंबाने मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली होती, एकात विधवा बाई आणि तीन मुले होती, एक कुटुंब गाव सोडून शहरात भाड्याने राहायला आलेले होते. सगळ्याच कुटुंबांतून पुढारपण मात्र मुलग्यांनी आपल्याकडे घेतले होते. अन्नसुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख असते, हे मी खिडकीवर सांगितले तेव्हा पहिला हशा पिकला आणि मग खुर्च्यांची थोडी अदलाबदल झाली.

पहिला आठवडा हसण्याखिदळण्यात गेला. दुसऱ्यात रांगा लागल्या. खिडकीवरच्या माणसासाठी मला एक लेखी सूचना देण्यात आली होती: 'प्रत्येक तिसऱ्या अर्जदारास कागदपत्रे अपुरी असल्याचे सांगून परत पाठवावे.' ती मी इमानेइतबारे पाळली. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने कार्ड माझ्या टेबलावर आपटून, "साहेब, तुम्हाला माणुसकी आहे की नाही?" असा सवाल केला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मलाही ते आवडले, पण त्याच क्षणी एक गोष्ट खटकली. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला मोजक्या तीन-चार जणांनी विचारला असेल, आणि ते सगळे बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी होते. बाकीचे सगळे "बरं साहेब, उद्या येतो" एवढेच म्हणाले. रागावण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती, कारण उद्या याच खिडकीवर, याच माणसापुढे त्यांना पुन्हा उभे राहायचे होते. विद्यार्थ्यांना मात्र पाऊण तासानंतर चहा प्यायला जायचे होते. सभागृहातल्या आणि सभागृहाबाहेरच्या माणसांतला हा फरक कोणत्याही चिठ्ठीने भरून निघत नाही.

त्याच रांगेत एक मुलगी होती. तिच्या कुटुंबाला चारही आठवडे धान्य मिळाले. ती मोठ्याने बोलली नाही, तिने कोणाशी वाद घातला नाही. आठवडा सुरू व्हायच्या आधीच ती खिडकीशी येऊन थांबलेली असे, कागदांच्या दोन-दोन प्रती करून आणलेल्या असत, आणि पहिल्याच वेळी ती मला म्हणाली, "साहेब, आणखी काय काय लागंल ते एकदाच सांगा, म्हंजे परत यायला नको." हे वाक्य मी ओळखतो. ते पुस्तकात नसते. ती कोण, कुठली, हे मी विचारले नाही आणि येथेही काही तर्क करणार नाही. इतरांनी मात्र खेळ संपल्यावर "तू भारी खेळलीस" म्हणून तिचे कौतुक केले.

मग चर्चा झाली. 'तुम्हाला कसे वाटले?' हा एकच प्रश्न फिरत राहिला आणि उत्तरेही ठरल्यासारखी आली: हतबल वाटले, चिडचिड झाली, आईवडिलांच्या कष्टांची किंमत कळली, आता गरिबांकडे वेगळ्या नजरेने पाहू. दोघांचे डोळे खरोखरच भरून आले होते आणि त्यांच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. त्या मुलीची पाळी आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मॅडम, झेरॉक्सचे पैसे धरलेले नाहीत." थोडे हसू उमटले आणि ध्वनिक्षेपक पुढच्या खुर्चीकडे गेला.

माझ्या दृष्टीने त्या दिवसातला तेवढाच खरा धडा होता, म्हणून त्यावर जरा थांबतो. शिधापत्रिकेत एका लहान मुलाचे नाव वाढवायचे म्हटले की कार्डाची, घरातल्यांच्या आधारची, जन्मदाखल्याची प्रत लागते. अर्ज लिहून देणारा कचेरीबाहेर बसलेला असतो, त्याचे वेगळे. एसटीचे जाणे-येणे आणि बुडालेला रोज हे सगळ्यात मोठे. रोजगार हमीची आपल्या राज्यातली मजुरी २०२४-२५ या वर्षी दिवसाला २९७ रुपये होती. दोन खेपा झाल्या तर ५९४ रुपयांची मजुरी बुडाली. मिळवायचे काय, तर प्राधान्य कुटुंबातील (म्हणजे अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्याला पात्र ठरवलेल्या कुटुंबातील) एका माणसाचे महिन्याचे ५ किलो धान्य. बाजारात किलोला ३० रुपये धरले तरी त्या दोन खेपा फिटायला चार महिने लागतात, आणि यात भाडे आणि झेरॉक्स नाहीच. एखाद्या बापाने "राहू दे, पुढच्या साली बघू" असे म्हटले तर आपण त्याला अडाणी किंवा आळशी म्हणतो. वास्तविक त्याने बेरीज-वजाबाकी केलेली असते. या हिशेबात कोणी दुष्ट नाही, कोणी लाच मागितलेली नाही, कोणी नकार दिलेला नाही, तरीही मूल यादीबाहेर राहते. व्यवस्थेतला अडथळा म्हणतात तो हा. चर्चेत हा हिशेब फळ्यावर मांडला गेला असता तर कोणाच्या डोळ्यांत पाणी आले नसते, पण कळले पुष्कळ असते.

भावनेवर भर दिल्याने नुसता वेळच जातो असे नाही, कधी उलटा परिणामही होतो. २०११ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील डरहॅम येथील एका सेवाभावी संस्थेसाठी 'स्पेंट' नावाचा संगणकीय खेळ तयार झाला, ज्यात खेळणाऱ्याला १००० डॉलर देऊन महिना काढायला सांगतात. तो पुष्कळ गाजला, वर्गावर्गांतून वापरला गेला. २०१६ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा परिणाम तपासला तेव्हा तो खेळल्याने गरिबांविषयीचे मत सुधारल्याचे दिसले नाही, आणि कष्ट करणाऱ्याला फळ मिळतेच अशी ज्यांची ठाम धारणा होती त्यांचे मत तर आणखी बिघडले. कारण समजण्यासारखे आहे. खेळात प्रत्येक पायरीवर निवड आपल्या हाती असते, म्हणून संकट हे चुकलेल्या निवडीचे फळ वाटू लागते. आमच्या सभागृहातही एका गटाने महिना शिल्लक टाकून संपवला आणि त्यांचा म्होरक्या अभिमानाने म्हणाला, "नियोजन केलं तर जमतं." त्याला कोणी विचारले नाही की त्याच्या चिठ्ठीत आजारी माणूस नव्हता, उचल नव्हती आणि त्याचे नाव यादीत आधीपासूनच होते, त्याचे काय. डोळ्यांना पट्टी बांधून अंधत्व 'अनुभवण्याच्या' प्रयोगांबद्दलही असेच निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते: पट्टी सोडल्यावर लोकांना अंध व्यक्ती अधिक असमर्थ वाटू लागल्या, कारण सुरुवातीची आपली धडपड हीच अंधांची आयुष्यभराची स्थिती असे त्यांनी गृहीत धरले. दुसऱ्या बाजूनेही सांगितले पाहिजे. परिचर्या महाविद्यालयांतून गरिबीचे खेळ घेऊन लगेच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांत दृष्टिकोन सुधारल्याचे अनेक अहवाल आहेत. मात्र टाळ्या वाजवून झाल्यावर लगेच भरलेल्या प्रश्नावलीवर किती विसंबावे, हे कचेरीत अभिप्राय नोंदवही सांभाळलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नियम शिकवावेत असे मी म्हणतो, म्हणजे काय, ते त्याच खेळातल्या एका चिठ्ठीवरून दाखवतो. शहरात भाड्याने राहणाऱ्या पाच माणसांच्या कुटुंबाला महिन्याला ५००० रुपये उत्पन्न दिलेले होते. हा आकडा बाईंनी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या २०११-१२ च्या दारिद्र्यरेषेवरून घेतला होता: देशाच्या शहरी भागात माणशी महिन्याला १००० रुपये, ग्रामीण भागात ८१६. म्हणजे हे कुटुंब बरोबर रेषेवर उभे होते. आता त्याला रेशन मिळेल का? विद्यार्थी म्हणाले, मिळायलाच हवे. वर्षाचे उत्पन्न झाले ६० हजार. पिवळ्या शिधापत्रिकेची १९९९ च्या तिरंगी (पिवळ्या, केशरी, पांढऱ्या) शिधापत्रिका योजनेतली मर्यादा वर्षाला १५ हजार रुपये, म्हणजे ती बाद. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आपल्या राज्याने केशरी कार्डधारकांतून प्राधान्य कुटुंबे निवडताना ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरी भागात ५९ हजार रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली. ज्या कुटुंबाला देश दरिद्री म्हणतो, ते स्वस्त धान्यासाठी एक हजार रुपयांनी श्रीमंत ठरले! (उत्पन्नाच्या दाखल्यांवरचे आकडे ५९ हजारांच्या अलीकडेच का थबकलेले असत, याविषयी निवृत्त माणसाने मौन पाळलेले बरे.)

आणि मर्यादेत बसले तरी गाडी पुढे सरकेलच असे नाही, कारण मग येतो इष्टांक. हा शब्द पुरवठा शाखेबाहेर कोणाला फारसा माहीत नसतो. शाखेत मात्र तो दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो. २०११ च्या जनगणनेवरून राज्यातील ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, अशी मिळून सुमारे ७ कोटी माणसांची कमाल संख्या ठरली, ती जिल्ह्यांना आणि तालुक्यांना वाटली गेली, आणि वाट्याची संख्या भरली की पात्र माणसालाही 'इष्टांक शिल्लक नाही' असे सांगावे लागते. कोणी मेला, कोणी कायमचा गाव सोडून गेला, लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव कमी झाले, म्हणजे जागा होते. मला दिलेली 'प्रत्येक तिसऱ्यास परत पाठवा' ही सूचना बाईंनी केवळ खेळात रंगत यावी म्हणून लिहिली होती. ती वास्तवाच्या इतकी जवळ गेली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्या मुलाने माझी माणुसकी काढली, त्याला हा आकडा कसा ठरला, कोणी ठरवला, कधी बदलू शकतो, असे प्रश्न विचारायला शिकवले असते तर त्याचा राग वाया गेला नसता.

आपल्या राज्याला हे अवघड जाऊ नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो माणसाला लागणाऱ्या उष्मांकांवरून, खर्चाचे आकडे तपासून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर उतरली आणि १९७७ च्या कायद्याने तिला हक्काचे रूप मिळाले. या परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्यांना 'कसे वाटले' एवढेच विचारून घरी पाठवणे मला कमीपणाचे वाटते. रोजगार हमीच्या टेबलावरही तेच झाले. मस्टर, दिवसातून दोनदा मोबाइलवर घ्यायचे हजेरीचे फोटो, आधारशी न जुळलेले बँक खाते, १५ दिवसांत मजुरी देण्याचे बंधन आणि उशिराची नगण्य भरपाई, यांतले काहीही खेळात आले नाही. मजूर टेबलापाशी गेला की त्याला रोख पैसे मिळत होते. एवढी तत्पर रोजगार हमी मी तरी पाहिलेली नाही.

अमेरिकन संचात जे नाही, ते आपल्या खेळातही राहून गेले, आणि ते म्हणजे जात. आमच्या सभागृहातल्या एकाही चिठ्ठीवर जात लिहिलेली नव्हती. उगाच कोणाचे मन दुखायला नको, असा त्यामागचा हेतू होता. पण मग अडथळ्यांतला सर्वांत जुना अडथळाच टेबलावरून उचलून ठेवल्यासारखे झाले. पुढच्या वेळेसाठी मी एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. त्यात भटक्या जमातीतले एक कुटुंब आहे आणि त्यातल्या मुलीला व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तिला जातीचा आणि राज्यातील वास्तव्याचा पुरावा हवा आहे, तोही विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ठरलेल्या २१ नोव्हेंबर १९६१ या मानीव (नियमाने आधारभूत धरलेल्या) दिनांकापूर्वीचा. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५० आहे, इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्याच्या आजोबांच्या नावे सातबारा आहे, ज्यांचे नाव शाळेच्या रजिस्टरात आहे, त्याला हा पुरावा पेटीतून काढायचा असतो. पाल ठोकत हिंडणाऱ्या आजोबांच्या नातीने तो कुठून काढायचा? १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी यांतल्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटमध्ये ठेवले, आणि देशपातळीवर तो शिक्का पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्या माणसांचे नाव सरकारी दप्तरात होते ते हजेरीसाठी. ही चिठ्ठी खेळायला देण्याआधी आणि नंतर एवढा इतिहास सांगावा लागेल, त्याला तास पुरणार नाही हे मला कळते. मग दोन तास घ्यावेत.

आता माझ्या बाजूच्या खुर्चीविषयी, कारण टेबलामागे बसणारा माणूस या खेळात नेहमी सोंगटीसारखा वापरला जातो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एक वृद्ध बाई माझ्याकडे येत असे. जन्मभर खुरपणी करून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नसे. दुकानदाराने तिला माझ्याकडे पाठवले, मी आधार केंद्राकडे पाठवले, तिथून ती पुन्हा दुकानदाराकडे गेली. ठसा जुळला नाही तरी धान्य नाकारू नये, अन्य ओळखीवर द्यावे, असे केंद्राचे परिपत्रक २०१७ च्या ऑक्टोबरात निघालेले होते. ते माझ्या कपाटात होते, आणि मी ते वाचलेले होते. पण यंत्राबाहेरचे वाटप वाढले की आमची टक्केवारी घसरे आणि मासिक बैठकीत उभे राहून खुलासा करावा लागे. दोन महिने तिचे धान्य गेले. तिसऱ्या महिन्यात मी ते दिले, आणि बैठकीत उभा राहिलो; त्यापलीकडे काहीही झाले नाही. ही गोष्ट मी सभागृहात सांगितली नाही, कारण मला कोणी विचारलीच नाही. माणुसकी आहे का, असे विचारण्याऐवजी 'तुम्हाला कशाची भीती वाटते' असे त्या मुलाने विचारले असते तर कदाचित सांगितली असती. पदवी घेऊन यांतली निम्मी मुले स्पर्धा परीक्षांना बसणार आहेत. त्यांना रांगेत उभे केले तसे प्रत्येकाला एक आठवडा खिडकीमागेही बसवावे, हातात इष्टांकाचा आकडा आणि टक्केवारीचा तक्ता द्यावा, आणि मग पाहावे कोण कोणाला परत पाठवतो.

एक शेवटचा मुद्दा मला सर्वांत नाजूक वाटतो. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांत वर्गातली किती तरी मुले हा खेळ घरी खेळत असतात. आईबाप कोयता घेऊन फडावर, पोरे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, अशी वर्षे काढून ती इथवर आलेली असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि खाडा झाला की उचलीवर बोजा वाढतो, हे त्यांना चिठ्ठीवरून वाचावे लागत नाही. अशा मुलांना त्यांचेच आयुष्य सोंग म्हणून करायला लावणे, आणि त्यावर शेजारच्याला 'फार शिकायला मिळाले' असे म्हणताना ऐकायला लावणे, मला बरे वाटत नाही. मूळ संचाची अपेक्षासुद्धा अशी आहे की टेबलांवर शक्यतो गरिबी भोगलेली माणसेच बसावीत, म्हणजे नियम कसे वागतात हे त्यांनी दाखवावे. आपण ते उलटे केले: साहेब टेबलामागेच राहिला आणि ती मुलगी रांगेतच राहिली. नियम लिहिण्याचे काम अशा मुलांपुढे ठेवावे, ज्यांची इच्छा असेल त्यांच्यापुढेच, वर्गासमोर नावे न पुकारता. आणि ते ज्ञान आहे असे मानून त्याचे श्रेयांक किंवा मानधन द्यावे. पाहुणा म्हणून आलेल्या मला शाल, श्रीफळ आणि प्रवासभत्ता मिळाला होता.

बातमी प्रसिद्ध झाल्यावर प्राध्यापिकाबाईंशी माझे दूरध्वनीवर बोलणे झाले. मी हे पत्र लिहिणार असल्याचे त्यांना सांगितले, त्यांची हरकत नव्हती. पुढच्या सत्रात हा खेळ बाई दोन दिवस घेणार आहेत. दुसऱ्या दिवशी फक्त नियमांवर बोलायचे, त्यासाठी शासन निर्णयांच्या प्रती मी काढून देणार आहे. त्या मुलीशीही त्या बोलल्या आहेत आणि तिने काही दुरुस्त्या सुचवल्या आहेत. त्यानुसार सभागृहात एक टेबल वाढले आहे: झेरॉक्स, पानाला दोन रुपये, सुटे नसल्यास परत मिळणार नाहीत. तिसऱ्या आठवड्यात तिथली वीज जाईल.

आपला,
एक निवृत्त पुरवठा निरीक्षक
जि. बीड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)